पीसीटी-क्यू कार्ड: पहिल्या तपासणीला चांगलं, पाठपुराव्याला अपुरं

ब्राम्सचं पीसीटी-क्यू म्हणजे सोन्याच्या नॅनोकणांवर चालणारी प्रोकॅल्सिटोनिनची, म्हणजे जिवाणूंच्या गंभीर संसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, चाचणी. मशीन लागत नाही, कॅलिब्रेशनही नाही. रात्री लॅब बंद असलेल्या छोट्या आयसीयूने ते जरूर ठेवावं, पण पहिल्या अंदाजापुरतंच.

सोबतच्या ड्रॉपरने सीरम किंवा प्लाझ्माचे सहा थेंब, म्हणजे 200 मायक्रोलीटर, गोल खिडकीत सोडायचे. तिथल्या सोन्याच्या कणांवर प्रोकॅल्सिटोनिनच्या कॅटाकॅल्सिन भागाला धरणारी अँटिबॉडी असते. प्रथिन पकडून हे कण पट्टीवर पुढे सरकतात आणि कॅल्सिटोनिन भाग धरणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीपाशी अडकतात. कण दाटले की लालसर रेघ उमटते. 30 मिनिटांनी वाचायचं, 45 च्या पुढे नाही. आधी कंट्रोल रेघ, म्हणजे चाचणी नीट चालल्याची खूण, बघा. ती नसेल तर कार्ड बाद. मग रेघेचा गडदपणा संदर्भ कार्डाशी जुळवायचा: 0.5 च्या खाली, 0.5 ते 2, 2 ते 10 किंवा त्याहून जास्त नॅनोग्रॅम प्रति मिली.

खरी अडचण या जुळवण्यातच आहे. पिवळ्या दिव्याखाली फिकट रेघ हमखास चुकते, म्हणून पांढऱ्या प्रकाशात दोघांनी वेगवेगळं वाचावं. नळी जोरात हलवल्याने हिमोलाइझ झालेलं, म्हणजे लाल पेशी फुटलेलं, सीरम पट्टीला तांबूस रंग चढवतं आणि रेघ झाकोळते. सेंट्रिफ्यूज न करता, म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता, रक्त टाकणं तर चूकच. पावसाळ्यात पाकीट आधीच फोडून ठेवू नका, पट्टी ओल धरते.

आकडा बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो. संसर्गानंतर प्रोकॅल्सिटोनिन वाढायला काही तास लागतात, त्यामुळे लवकर केलेली चाचणी खोटा दिलासा देते. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, गंभीर मलेरिया आणि जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस यांत जिवाणूंचा संसर्ग नसतानाही ते चढतं. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागण्याच्या, उपचारांवरची सर्व्हायव्हिंग सेप्सिसची 2021 ची मार्गदर्शक तत्त्वं अँटिबायोटिक कधी सुरू करायचं हे याच्यावर ठरवू नका असंच सुचवतात. थांबवताना मात्र ते कामाचं आहे. नेदरलँड्सच्या 2016 च्या सॅप्स अभ्यासात पातळी 0.5 किंवा त्याखाली आली किंवा शिखरापासून 80 टक्के उतरली की औषध थांबवण्याचा सल्ला दिला जात होता.

आणि नेमकं तिथेच हे कार्ड तोकडं पडतं. 60 वरून 12 वर आलेला रुग्ण, म्हणजे बरोबर 80 टक्के घट, पण कार्डावर दोन्ही दिवस ‘10 च्या वर’. बरं होणं दिसतच नाही. रोजच्या पाठपुराव्याला आकडा देणारं मशीनच हवं, नाहीतर नमुना मोठ्या लॅबला पाठवा.

वापरायचंच असेल तर क्रम असा ठेवा: आधी ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचे) दोन संच, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली. शॉक (रक्तदाब धोकादायक खाली गेलेला) असेल तर तासाच्या आत अँटिबायोटिक. कार्डाची 30 मिनिटं त्याच दरम्यान संपू द्या, औषध त्यासाठी अडवू नका.