दुखणं उतरलं, बाक तसाच: घोडबंदर रोडवरच्या एका कायरोप्रॅक्टरकडचा अनुभव

मी डोंबिवलीत ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक पाठमोरं उभं राहिलं की टेप लावायच्या आधीच दिसतं, कुणाचा एक खांदा वर आहे, कुणाच्या कमरेची घडी एकाच बाजूला पडते. माझी स्वतःची पाठही तशीच. स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकलेला आणि शिवाय थोडा पिळलेला. बाक 34 अंशांचा, शाळेपासूनचा. चाळिशी उलटल्यावर कमरेच्या डाव्या अंगाला दुखायला लागलं. लग्नसराईत मशीनवरून उठताना भिंत धरावी लागायची, तेव्हा ठाण्यातल्या एका कायरोप्रॅक्टिक क्लिनिकमध्ये, म्हणजे हातानं दाब आणि झटके देऊन पाठीचं दुखणं बघतात तिथे, जायला सुरुवात केली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. शिवाय अशी क्लिनिकं आता बऱ्याच शहरांत निघालीत, आणि लिहितेय त्यातलं पुष्कळसं तिथेही उपयोगी पडेल.

पाचपैकी तीन स्टार. डॉक्टरांना एकट्यांना द्यायचे असते तर चार दिले असते.

डॉक्टर मूळचे फिजिओ, कायरोप्रॅक्टिकचं शिक्षण नंतर घेतलेलं. हात चांगला आहे. पहिल्या भेटीत घाई केली नाही. पुढे वाकायला लावून पाठ मागून बघितली, दोन्ही पाय मोजले, बधिरपणा आहे का, मुंग्या येतात का, लघवीवर ताबा आहे ना, हे सगळं विचारलं. हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलंय का, हेही. जे कायरोप्रॅक्टर हे न विचारता थेट टेबलावर झोपवतात, त्यांच्याकडून चप्पल घालून परत यावं. मानेला हात लावायचा नाही, असं मी आधीच सांगितलं होतं. क्वचितच, पण मानेला झटका दिल्यावर तिथल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि माझं दुखणं कमरेत. त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही.

टेबलाचे तीन-चार भाग असतात. दाब दिला की त्यातला एखादा भाग खट्‌कन दोन बोटं खाली बसतो, त्यामुळे झटका अंगावर येत नाही. कुशीवर वळवून कमरेला देतात तेव्हा मात्र तो प्रसिद्ध ‘कट्ट’ आवाज येतो. तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा असतो. हे डॉक्टरांनीच सांगितलं. यूट्यूबवर त्या आवाजासाठी लोक व्हिडिओ बघत बसतात म्हणे! मला त्याचं काही कौतुक नाही, पण उठल्यावर कंबर मोकळी वाटते हे खरं. दोन-तीन दिवस डाव्या कुशीवर झोप लागायची. मग मशीनवर चार ब्लाऊज झाले की दुखणं हळूहळू परत. आणि घोडबंदरच्या खड्ड्यांतून रिक्षानं स्टेशन गाठायचं असेल, तर आराम माजिवड्यापर्यंत टिकला तरी नशीब.

जे खरंच टिकलं ते वेगळंच होतं. त्यांनी बाकाच्या आतल्या, दबलेल्या बाजूला श्वास भरायचा व्यायाम शिकवला. ही पद्धत जर्मनीच्या काटारीना श्रॉट या बाईंची. त्यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता, आणि 1920च्या दशकापासून त्या हे शिकवत होत्या. दुसरं म्हणजे माझ्या मशीनवरच्या बैठकीचा फोटो मागवून घेतला आणि स्टूल चार बोटं उंच करायला लावलं. पायपट्टीसाठी कायम उजवा पाय पुढे टाकून बसायचे, तेही बदलायला लावलं. महिन्याभरात दुखणं निम्म्यावर आलं. ते झटक्यांनी आलं की स्टुलानं, असं विचाराल तर माझं मत स्टुलाकडे जातं.

आता बाकाचं. बाक जसाच्या तसा आहे, आणि तो कमी होईल असं डॉक्टर एकदाही म्हणाले नाहीत. उलट विचारल्यावर स्पष्ट म्हणाले, “ताई, तुमचं दुखणं मी बघेन. कणा सरळ करून देणारा कुणी भेटला तर मलाही सांगा.” आडव्या-उभ्या धाग्याचा अंदाज चुकवून कापलेलं कापड इस्त्रीखाली सरळ दिसतं आणि एका धुण्यात परत फिरतं, तसंच हे आहे.

गोंधळ बाहेरच्या खोलीत आहे. तिथे डी. डी. पामर यांची तसबीर. 1895 साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी त्यांनी इमारतीच्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला, त्याला ऐकू यायला लागलं आणि हे शास्त्र सुरू झालं, असं खाली लिहिलंय. कानाची नस मणक्यातून जातच नाही, पण तसबिरीला कोण विचारणार. तिच्याशेजारी एक्स-रेचा फलक: ‘आधी 38 अंश, नंतर 29 अंश’. कोन मोजतात असा: बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जे मणके सर्वांत जास्त कललेत त्यांवर रेषा ओढायच्या, त्यांच्यातला कोन तो कॉब अँगल. दहाच्या पुढे गेला की स्कोलिओसिस म्हणायचं. एकाच फिल्मवर दोघांनी मोजलं तरी पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. आणि एक्स-रे उभ्यानंच काढायचा असतो, कारण आडवं झालं की वजन उतरतं आणि बाक आपोआप काही अंश कमी दिसतो. म्हणून मी विचारलं, हे दोन्ही उभ्याने काढलेत का? काउंटरवरच्या मुलीला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फलक मुख्य ऑफिसकडून आलाय. मग काढून ठेवा ना! अजून तिथेच आहे.

त्या फलकावरूनच आमच्या घरात वाद झाला. नणंदेची मुलगी तेरा वर्षांची, पाळी अजून आलेली नव्हती, आणि तिच्या युनिफॉर्मची मापं घेताना एक खवाटा वर आलेला मीच बघितला. वन्संचं म्हणणं, तुला बरं वाटतंय तर तिलाही तिथेच नेऊ, बेल्टची भानगड नको. काउंटरवाल्या मुलीनं फोनवर लगेच ‘चाइल्ड करेक्शन पॅकेज’ सांगितलं: 24 सेशन, 26,000 रुपये, आगाऊ. डॉक्टरांनी तिला बघितलेलंही नव्हतं.

मी अडून बसले. माझ्या वयात बाक बहुधा ठरलेला असतो. वाढ थांबल्यावर 30 अंशांच्या आतला सहसा वाढत नाही. 50च्या पुढचा मात्र वर्षाला साधारण अंशभर वाढत राहतो. तेराव्या वर्षी, उंची भराभर वाढत असताना, हिशेबच निराळा. तिथे सहा महिने वाट बघणं महाग पडतं. मणक्याच्या सर्जनना दाखवलं: 28 अंश, आणि कमरेच्या हाडावरून वाढ भरपूर बाकी असल्याचं दिसत होतं. त्यांनी ब्रेस दिला, म्हणजे वन्संना नको होता तोच प्लॅस्टिकचा बेल्ट. अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला, त्यात ब्रेस लावलेल्या 72 टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेला नाही. नुसत्या देखरेखीखालच्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. जितके तास जास्त, तितका गुण जास्त. कायरोप्रॅक्टिकचं विचाराल तर 2001 साली 42 मुलांवर झालेल्या अभ्यासात बाकावर काहीच परिणाम दिसला नव्हता. वन्संना मी हे आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “तू ब्लाऊज शीव.” पण ब्रेस घेतला.

तर मी तेच केलं. ब्रेसखाली घालायला बिनशिवणीचे होजिअरीचे बनियन मिळतात, पण आपल्या उकाड्यात ते अपुरे पडतात. मी मलमलच्या मऊ बंड्या शिवल्या, शिवण बाहेरून, कुशीत नाहीच, पुढच्या बाजूला घेतलेली, म्हणजे प्लॅस्टिकखाली वळ उठत नाहीत. शाळेच्या कुडत्याला दोन्ही बाजूंना कळ्या घातल्या, टक्स काढून टाकले. वर्गात कुणाला कळलं नाही. ब्रेस लागलेल्या मुलींच्या आयांनी निदान एवढं आपल्या शिंपिणीला जरूर सांगावं.

क्लिनिकबद्दल उरलेलं. पहिली भेट 1,800, पुढची प्रत्येक 1,200. स्वच्छता उत्तम, लिफ्ट आहे, बाई मदतनीस खोलीत थांबते. गाऊनला मागे तीन नाड्या, त्यातली मधली कायम तुटलेली. एकदा मीच सुई-दोरा मागून लावून दिली. शनिवारी तासभर बसावं लागतं, मंगळवारी दुपारी लगेच नंबर लागतो. जाताना जुनी फिल्म घेऊन जा, नाहीतर नवीन काढायला सांगतात. मुलीचा एक्स-रे काढायचाच झाला तर पाठीकडून काढायला सांगा, छातीला किरण कमी लागतात. मोठ्या माणसाची कंबर नुसती आखडली असेल तर चार भेटी करून बघा, गुण नाही आला तर सोडा. पैसे दर भेटीला द्या. पॅकेजच्या पावतीमागे बारीक अक्षरात छापलंय की रक्कम परत मिळणार नाही, आणि ते वाचायला चष्मा लागतो.