पुडीनं गुण आला होता

महिन्यातून एखादा तरी पुडीवाला पेशंट माझ्याकडे येतोच. गुडघे धरलेत म्हणून कुठल्या तरी खेड्यातल्या बाबाकडून पांढऱ्या पावडरीच्या पुड्या आणलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी दुखणं गायब. भूक लागते, अंगात तरतरी येते, गाल वर येतात. घरचे म्हणतात, औषध लागू पडलं. सहा महिन्यांनी हाच माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा तोंड चंद्रासारखं गोल झालेलं असतं, हातापायाच्या काड्या, पोटावर जांभळे पट्टे आणि साखर तीनशेच्या वर. असल्या पुडीत बहुतेक वेळा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. मी चिडून विचारतो, "त्यात काय आहे हे तरी विचारलंत का?" उत्तर ठरलेलं: "इचारायचं काय त्यात डॉक्टर, गुण येतोय की!"

सत्तावीस वर्षं हे उत्तर ऐकतोय. आणि हेच उत्तर मी माझ्या बायकोला दिलं. ती विचारायची, "तो माणूस दर महिन्याला पाच टक्के आणतो कुठून?" मी म्हणायचो, "आणू दे की कुठूनही, येतायत ना खात्यात?"

गुंतवणुकीच्या नावाखाली माझे २३ लाख गेले. परत आलेले वजा केले तर १८ लाख ३० हजार. माणसाचं आणि त्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. आणि नाव कळून तुमचा फायदाही नाही. पुढचा येईल त्याचं नाव वेगळंच असेल.

तो माझ्याकडे आला तो पेशंटचा जावई म्हणून. सासऱ्यांचा मधुमेह मी पंधरा वर्षं सांभाळतोय. त्यांना घेऊन माझ्या कोल्हापुरातल्या, शाहूपुरीतल्या दवाखान्यात यायचा, नंबर लावून बाकावर बसायचा, मधे घुसायचा नाही. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाऊन आला की पेढ्यांचा पुडा. चार महिने पैशाचं अवाक्षर काढलं नाही. मुलगा कुठं शिकतो, फी किती पडते, दवाखान्याचं कर्ज किती राहिलं, हे मात्र बोलता बोलता सगळं काढून घेतलं. मिरजेला शिकताना आमचे सर सांगायचे, पेशंटला आधी बोलू द्या, अर्धं निदान त्यातच असतं. हिस्ट्री त्यानं माझी घेतली. मी त्याची घेतलीच नाही. कुठं नोकरी केली, आधी काय धंदा होता, तो का बंद पडला, काहीही नाही.

मग एकदा सहज म्हणाला, "सर, तुम्हा डॉक्टर लोकांना मार्केट बघायला वेळ कुठं असतो? आमची टीम बघते. तुम्ही पेशंट बघा."

हे वाक्य बरोबर जिव्हारी लागतं. डॉक्टर तिशीच्या आसपास कमवायला लागतो, तोवर बरोबरीच्या मित्राचं उद्यमनगरात वर्कशॉप उभं राहिलेलं असतं. मागं पडल्याची टोचणी आयुष्यभर राहते. त्यात आमची आणखी एक खोड आहे. प्रश्न विचारणारी खुर्ची नेहमी आमची असते, त्यामुळे समोरच्यानं 'हेजिंग', 'अल्गो' असले शब्द टाकले की "म्हणजे काय?" असं विचारायची लाज वाटते. मान हलवायची. मी हलवली.

दसरा २०२१ ला २ लाख दिले. शंभराच्या बाँडवर करारनामा, नोटरीचा शिक्का, पुढच्या तारखेचा चेक. त्या बाँडमध्ये 'गुंतवणूक' किंवा 'ठेव' हे शब्द कुठेच नव्हते. 'हातउसने' लिहिलं होतं. मी सही करताना वाचलं नाही. जो माणूस पेशंटला ऑपरेशनचं संमतिपत्र वाचून सही करा म्हणतो, त्यानं स्वतःचा दोन पानांचा करार वाचला नाही. नंतर वकिलांनी सांगितलं की तो शब्द मुद्दाम घातलेला असतो. उद्या प्रकरण उघडं पडलं तर ठेवी घेतच नव्हतो, ओळखीत उसने घेतले होते, असं म्हणायला वाट राहते.

सात नोव्हेंबरला १०,००० आले. सात डिसेंबरला आले. जानेवारी, फेब्रुवारी. सात तारीख चुकली नाही. फेब्रुवारीअखेर मी आणखी ६ लाख दिले आणि मार्चपासून ४०,००० यायला लागले.

आता जून २०२२ कडे बघा. एप्रिलच्या सुरुवातीला अठरा हजारांवर असलेली निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, जूनच्या मध्यावर साडेपंधरा हजारांच्या खाली आली होती. माझ्या स्वतःच्या म्युच्युअल फंडांचे आकडे लालभडक होते. याची 'टीम' त्याच बाजारात धंदा करत होती म्हणे. आणि सात जुलैला माझ्या खात्यात ४०,००० जमा. एक रुपया कमी नाही.

मी बीपीच्या पेशंटांना घरी रोज बीपी मोजून वहीत लिहायला सांगतो. खरी वही कशी असते? १३२, १२६, १४१, १२४. कधी झोप झाली नाही, कधी जिना चढून आल्या आल्या मोजलं, कधी सुनेशी भांडण झालं. ज्या वहीत महिनाभर रोज १२०/८० लिहिलेलं असतं ती वही दवाखान्यात यायच्या आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेननं भरलेली असते. शाई बघूनच कळतं. मी हसून ती वही बाजूला ठेवतो आणि स्वतः मोजतो. बाजार एवढा गडगडलेला असताना सरळ रेषेत येणारे ४०,००० ही तसलीच वही होती. ती बघून मी काय म्हणालो? "काय माणूस आहे! पडत्या बाजारातही कमावतो." आणि जुलैअखेर बायकोच्या नावची एफडी मोडून १५ लाख आणखी दिले.

याच महिन्यात आमच्या सीएनं फोन केला होता. रिटर्न भरताना त्याला हे महिन्याचे पैसे बँकेच्या उताऱ्यात दिसले. "डॉक्टर, हे व्याज आहे तर टीडीएस का कापला नाही? २६एएसमध्ये काहीच येत नाही." (टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, २६एएस म्हणजे त्या कराचा सरकारी उतारा.) मी म्हणालो, विचारून सांगतो. त्या जावयाला विचारलं तर तो हसला, "सर, टीडीएस कापला तर तुमचंच नुकसान." मला पटलं! छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी मी त्याला घरी सोडत नाही. बसवून ठेवतो, काही तासांनी पुन्हा काढतो, ट्रोपोनिन ही हृदयासाठीची रक्ततपासणी करायला लावतो. इथं रिपोर्ट बिघडलेला हातात होता आणि मी पेशंटला डिस्चार्ज दिला.

हिशेब करायला कॅल्क्युलेटरसुद्धा लागला नसता. दरमहा ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के, तेही न गुंतवता नुसते घेतले तर. तेच पैसे गुंतवत राहिलं तर लाखाचे वर्षात १ लाख ८० हजारांच्या आसपास होतात आणि पाच वर्षांत साडेअठरा लाख. पीपीएफ तेव्हा ७.१ टक्के देत होतं. ज्याला दर महिन्याला पाच टक्के देऊन वर स्वतःचा नफाही काढता येतो, त्यानं बँकेकडून त्याच्या कितीतरी कमी व्याजानं कर्ज काढावं आणि सगळा फायदा एकट्यानं खावा. शाहूपुरीतल्या डॉक्टरच्या बाकावर पेढ्यांचा पुडा घेऊन तो कशाला बसेल? हा एक प्रश्न मला अकरा महिन्यांत पडला नाही. १९२० मध्ये बोस्टनच्या चार्ल्स पाँझीनं ४५ दिवसांत ५० टक्के असं सांगून लोकांना हेच दाखवलं होतं. नव्याचे पैसे जुन्याला. आमचा त्याच्या मानानं सबुरीचा होता म्हणायचा.

ऑगस्ट आणि सप्टेंबरला प्रत्येकी १ लाख १५ हजार आले. बास.

सात ऑक्टोबरला काही आलं नाही. "बँकेचं सॉफ्टवेअर बदलतंय." मग "ऑडिट चालू आहे." मग व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज: खाती गोठवली आहेत, काही विघ्नसंतोषी लोकांनी अर्ज केलेत, कुणीही पोलिसांत जाऊ नये, गेलात तर सगळ्यांचे पैसे अडकतील. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी राजारामपुरीतल्या त्यांच्या ऑफिसला गेलो. शटर खाली, आणि वर जिथं बोर्ड होता तिथं भिंतीत चार भोकं, एकात स्क्रू अजून अडकलेला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर न करताच विचारलं, "तुमचं किती?"

एवढं बघूनही मी तक्रार केली ती मार्च २०२३ मध्ये. पाच महिने थांबलो, आणि हे लिहायचं मुख्य कारण तेच आहे. स्तनात गाठ लागलेल्या बाया 'दुखत नाही' म्हणून घरी बसतात, तसा मी बसलो. लोक काय म्हणतील, डॉक्टर असून फसला. शिवाय तो मेसेज: तक्रार केली तर पैसे अडकतील. त्या पाच महिन्यांत त्याच्या गाड्या विकल्या गेल्या, पन्हाळ्याच्या रस्त्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार संरक्षणाचा कायदा आहे, ज्याला पोलिस एमपीआयडी म्हणतात. त्यात संस्थेची आणि चालकांची मालमत्ता जप्त करून विकून ठेवीदारांना वाटता येते. २०१९ च्या केंद्राच्या कायद्यानं तर असल्या बिगरनोंदणी ठेवी घेण्यावरच बंदी आहे. पण जप्त करायला आधी मालमत्ता जाग्यावर पाहिजे. हप्ता चुकला त्याच आठवड्यात बाँड, चेक, बँकेचा उतारा, व्हॉट्सॲपचे मेसेज हे सगळं घेऊन आर्थिक गुन्हे शाखेत जा. पैसे ऑनलाइन पाठवले असतील आणि फसवणूक नुकतीच झाली असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. ग्रुप सोडू नका, त्यातले मेसेज पुरावा आहेत.

आणखी एक गोष्ट. तक्रारीनंतर दोन महिन्यांत एका 'वसुली सल्लागारा'चा फोन आला. माझी रक्कम त्याला हजारापर्यंत माहीत होती. पंचवीस हजार फाइल चार्ज भरा, आठ दिवसांत निम्मे काढून देतो. मी ठेवला फोन. माझ्या एका सर्जन मित्रानं भरले.

आता कुणी पैसे मागायला आलं तर मी काय बघतो ते सांगतो, त्यात काही मोठं शास्त्र नाही. दुसऱ्याच्या पैशांचा सल्लागार म्हणवणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, नंबर 'आयएनए'नं सुरू होतो आणि सेबीच्या वेबसाइटवर नावासकट सापडतो. कार्डावर छापलेल्या नंबरावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्याचा नंबर छापणारेही आहेत. नोंदणी असलेल्या सल्लागारालाही ठरावीक परताव्याची हमी द्यायची परवानगी नाही. म्हणजे हमी दिली की तिथंच निदान झालं, पुढच्या तपासण्यांची गरज नाही. ठेवी घेणारी संस्था अधिकृत आहे का हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघता येतं, तक्रारही तिथं टाकता येते. आणि सीएचा फोन आला तर तो उचलायचा, आणि ऐकायचा.

माझे पैसे गेले ते गेले. ओपीडी चालू आहे, मुलाची फी उशिरानं का होईना भरली. पण एक गोष्ट अजून गिळता येत नाही.

माझा कंपाउंडर एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये, ओपीडी संपल्यावर, तो केबिनमध्ये येऊन उभा राहिला. बसत नाही तो कधी माझ्यासमोर. खिशातून घडी घातलेला शंभराचा बाँड काढून टेबलावर ठेवला. दीड लाख. पोरीच्या लग्नाचे. गणपती बसायच्या आदल्या दिवशी भरलेले.

"मला विचारायचं तरी होतंस," मी म्हणालो.

"इचारायचं काय डॉक्टर? तुमच्या केबिनमधी बसून चा पित हुता की त्यो."

त्याला एक हप्ताही मिळाला नाही, त्याची पहिली सात तारीख ऑक्टोबरची होती. त्यानं पैसे भरले ऑगस्टच्या शेवटी, आणि आठवड्याभरात, सात सप्टेंबरला, माझ्या खात्यात १ लाख १५ हजार जमा झाले. कुणाच्या नोटा कुणाला गेल्या याचा हिशेब पोलिसांनाही लागायचा नाही, पण तारखा लागतात. वाडीच्या पेढ्यांवर त्या जावयानं काय विकत घेतलं हे मला त्या संध्याकाळी कळलं. माझी केबिन, माझी खुर्ची, भिंतीवरची माझी डिग्री. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना दिसावं म्हणून. आणखी किती पेशंटांनी तो चहा बघून पैसे भरले, मी विचारलेलं नाही. दोघं यायचे बंद झालेत.

कंपाउंडरला मी दर महिन्याला पगाराव्यतिरिक्त ५,००० देतो, तीस महिन्यांत त्याचे दीड लाख फिटतील. पहिल्यांदा पाकीट दिलं तेव्हा त्यानं नोटा मोजल्या, परत मोजल्या, पाकीट खिशात घातलं आणि दाराशी जाऊन थांबला.

"डॉक्टर, ह्याच्यावर व्याज न्हाई न्हवं?"

"नाही रे."

"मग चालंल."