एसएसएसडी : ग्रुपनुसार लिनक्स लॉगिनवर निर्बंध

डेटाबेसच्या सर्व्हरवर डेटाबेस सांभाळणाऱ्यांनीच आणि वेब सर्व्हरवर वेबच्या चमूनेच लॉगिन करावे, डिरेक्टरीत, म्हणजे संस्थेच्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदीत, खाते आहे एवढ्यावर कोणालाही आत येता येऊ नये, ही अपेक्षा पूर्ण करणारी साधने लिनक्सवर बरीच आहेत. त्यांपैकी मला सर्वांत भरवशाचे वाटते ते फ्रीआयपीए या खाती व ओळख सांभाळणाऱ्या मुक्त प्रकल्पातून निघालेले एसएसएसडी, म्हणजेच सिस्टिम सिक्युरिटी सर्व्हिसेस डीमन. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि मुक्त ओपनएलडॅप या दोन्ही डिरेक्टरींशी ते जोडता येते.

त्याच्या मूळ मांडणीवर मात्र माझा आक्षेप आहे. कॉन्फिगरेशनमध्ये प्रवेशाचा निर्णय कोणत्या पद्धतीने घ्यायचा हे सांगणारी ‘ॲक्सेस प्रोव्हायडर’ ही ओळ लिहिलीच नाही, तर तिचे मूल्य ‘परमिट’ धरले जाते आणि डिरेक्टरीतील प्रत्येकाला प्रवेश मिळतो. नावांच्या याद्यांवर चालणारा ‘सिंपल’ हा प्रोव्हायडर निवडून त्या सर्व याद्या रिकाम्या सोडल्या, तरीही तेच घडते. प्रवेश रोखण्यासाठी घेतलेल्या साधनाने काही सांगितले नसताना नकार द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. सुदैवाने यंत्र डिरेक्टरीला जोडणाऱ्या रिअल्मडी साधनाच्या ‘रिअल्म परमिट’ या आज्ञेला ग्रुपचे नाव दिले, की ती ‘सिंपल’ प्रोव्हायडर आणि परवानगीची यादी दोन्ही स्वतःच लिहून ठेवते.

या साधनाची खरी किंमत कळते ती एसएसएचने, म्हणजे दूरवरून, लॉगिन करताना पासवर्डऐवजी की (किल्लीची फाइल) वापरणाऱ्यांच्या बाबतीत. पॅममध्ये, म्हणजे लिनक्सच्या लॉगिन तपासण्याच्या यंत्रणेत, पासवर्ड तपासण्याचा ‘ऑथ’ टप्पा वेगळा आणि ओळख पटलेल्या माणसाला या यंत्रावर येऊ द्यायचे की नाही हे ठरवणारा ‘अकाउंट’ टप्पा वेगळा. की वापरून येणाऱ्याची तपासणी एसएसएच सर्व्हर स्वतःच करतो आणि पॅमचा ऑथ टप्पा वगळला जातो. त्यामुळे ग्रुपची अट केवळ त्या टप्प्यात लावलेली असेल, तर तो माणूस कोणत्याही इशाऱ्याविना आत येतो. एसएसएसडी आपला निर्णय अकाउंट टप्प्यात देते, म्हणून एसएसएच सर्व्हरचे ‘यूजपॅम’ हे सेटिंग चालू असेपर्यंत पासवर्डवाला आणि कीवाला दोघांनाही एकच नियम लागतो. एसएसएच सर्व्हरच्या ‘अलाउ ग्रुप्स’ या सेटिंगने की आणि पासवर्ड दोन्ही अडतात खरे, पण कन्सोलवरचे, म्हणजे यंत्रासमोर बसून केलेले, लॉगिन त्याच्या कक्षेबाहेरच राहते. ‘पॅम ॲक्सेस’ हा पॅमच्या मॉड्यूलचा पर्यायही अकाउंट टप्प्यात लावता येतो, आणि स्थानिक खात्यांनाही नियम लावायचा असेल तेथे तोच घ्यावा, कारण ‘सिंपल’ प्रोव्हायडर सर्व्हरवरचे स्थानिक ग्रुप विचारातच घेत नाही. एक सावधगिरी सुचवतो : लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉनही याच टप्प्यातून जातो, तेव्हा कोणाला ग्रुपमधून काढण्यापूर्वी त्याच्या नावावर चालणारी रात्रीची कामे पाहून घ्यावीत.

‘सिंपल’ऐवजी एलडॅप फिल्टर, म्हणजे डिरेक्टरीत शोधण्याची अट, लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत खाते कोणत्या ग्रुपांत आहे हे सांगणाऱ्या ‘मेंबरऑफ’ या गुणधर्मात फक्त थेट सदस्यत्व असते, त्यामुळे ग्रुपमधल्या ग्रुपचा सदस्य फिल्टरमध्ये सापडत नाही आणि त्यासाठी 1.2.840.113556.1.4.1941 हा लांबलचक नियम जोडावा लागतो. ओपनएलडॅपमध्ये तर ‘मेंबरऑफ’ ओव्हरले (जोडभाग) चालू केल्याशिवाय तो गुणधर्मच मिळत नाही. शिवाय डिरेक्टरीशी संपर्क तुटला असताना फिल्टर नव्याने तपासता येत नाही, मागच्या ऑनलाइन लॉगिनला परवानगी मिळाली होती की नाही एवढेच पाहिले जाते. ‘सिंपल’ची यादी मात्र कॅशमधील, म्हणजे यंत्रावर आधीच साठवलेल्या, सदस्यत्वावर चालू राहते. दोन-तीन ग्रुपांपुरते काम असेल, तर फिल्टरच्या वाटेला जाऊ नये.

नकार मिळालेल्या वापरकर्त्याला कारण समजत नाही, कारण जोडणी नुसतीच बंद होते. प्रशासकाला मात्र लॉगमध्ये अकाउंट टप्प्यातील नकाराची ओळ स्पष्ट दिसते. ‘एसएसएससीटीएल यूजर चेक्स’ ही आज्ञा एखाद्या खात्याला प्रवेश मिळेल की नाही हे लॉगिन न करता सांगते आणि नियम बदलल्यावर ती परवानगी असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही खात्यांवर चालवावी. ग्रुपमधून काढलेल्या माणसाचे आधीच उघडे असलेले सत्र मात्र एसएसएसडी बंद करत नाही, ते प्रशासकालाच तोडावे लागते.