ऐरोलीची फ्लेमिंगो बोट सफारी: जा नक्की, पण फक्त गुलाबी बघून परत येऊ नका

ज्यांना फक्त जाऊ की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, जा. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून जी बोट सुटते ती मुंबई, ठाणे, नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करावी, माझ्याकडून पूर्ण पाच स्टार. आता का ते सविस्तर लिहिते कारण बहुतेक रिव्ह्यूमध्ये "खूप फ्लेमिंगो दिसले, मस्त फोटो आले" याच्या पुढे कोणी जातच नाही आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथूनच पुढे सुरू होते.

जायचं कसं ते पटकन. ट्रान्स हार्बरवर ऐरोली स्टेशन, बाहेर रिक्षा मिळते. केंद्र वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं आणि कांदळवन प्रतिष्ठानचं आहे, बुकिंग ऑनलाइन होतं, दर वार आणि सीझनप्रमाणे बदलतात म्हणून इथे आकडा देत नाही. आत प्रदर्शन आहे, तिवरांमधून फिरायला लाकडी वाट आहे, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं अगदी जवळून दिसतात, मुलांना घेऊन जाणार असाल तर बोटीच्या वेळेच्या बऱ्यापैकी आधी पोहोचा म्हणजे हे सगळं घाईत उरकावं लागत नाही.

बोटीची वेळ रोज बदलते आणि यावरून लोक वैतागतात, की आम्हाला सकाळचीच हवी होती, रविवारी अकराचीच द्या वगैरे. पण खाडी आहे हो ती, तलाव नाही. पूर्ण ओहोटीला बोट गाळात रुतणार आणि पूर्ण भरतीला चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेले की पक्षी तिथे बसणारच नाहीत, मग बघणार काय. म्हणजे बोट चालेल इतकं पाणी पण हवं आणि पक्ष्यांना चरायला चिखल पण उघडा हवा, अशी मधली वेळ धरून ते स्लॉट काढतात. तेव्हा आपला प्लॅन खाडीच्या वेळेप्रमाणे करायचा, उलटं करू नका.

बोट निघाली की दोन्ही बाजूंना कांदळवन आणि मग खाडी रुंद होते, वर हाय टेन्शनच्या तारा, लांबवर टॉवर आणि मधेच ते गुलाबी पट्टे. पहिल्यांदा बघणाऱ्याचा श्वास खरंच अडकतो, त्यात मी काही वाढवून सांगत नाहीये. रोहित, अग्निपंख, फ्लेमिंगो, काहीही म्हणा. आमच्याबरोबरच्या गाईड दादांनी मोठा आणि छोटा रोहित यातला फरक छान दाखवला, मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची जवळजवळ पूर्ण गडद, आणि इथे जास्त संख्या छोट्यांचीच असते. मान खाली घालून चोच उलटी करून ते पाण्यातलं शेवाळ गाळून खातात. या खाडीत एवढं शेवाळ का, तर शहराचं सांडपाणी. आपलीच घाण खाऊन ते जगतायत हे ऐकून बोटीत एकदम सगळे गप्प झाले. यात खुश होण्यासारखं काही नाही, कारण त्याच पाण्यातून कारखान्यांचं पण बरंच काही येतं.

इंजिन लांबच मंद केलं आणि थव्यापासून अंतर राखलं, हे मला सगळ्यात आवडलं. आमच्यातले एकदोघं "अजून जवळ घ्या ना" करत होते, नाखव्याने शांतपणे नाही म्हटलं. हे मुद्दाम लिहितेय कारण दुसऱ्या एका जेट्टीवरून खाजगी बोटीने गेले होते तेव्हा बोटवाल्याने फक्त उडतानाचा फोटो मिळावा म्हणून सरळ थव्यात बोट घातली होती, आणि बोटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. थवा उगाच उडवला की त्या पक्ष्यांची चरायची वेळ जाते आणि ओहोटीचे तेवढेच तास त्यांच्या हातात असतात. अशा बोटीत बसूच नका, स्वस्त पडली तरी.

आता मुख्य मुद्दा. फ्लेमिंगोंच्या पायाशी, चिखलाच्या कडेला, मातकट रंगाचे लहान लहान पक्षी हजारोंनी पळत असतात. बोटीतलं कोणी त्यांच्याकडे बघत नाही. कोणीतरी "त्या चिमण्या आहेत का" असंही विचारलं. तर त्यातले बरेचसे आर्क्टिकपर्यंत जाणारे आहेत. कर्ल्यू सँडपायपर नावाचा पक्षी सायबेरियाच्या उत्तर टोकाला टुंड्रात अंडी घालतो, वजन साधारण ५०-६० ग्रॅम, म्हणजे घरातल्या एका अंड्याएवढं, आणि तो तिथून उडून आपल्या ठाणे खाडीत येतो. २०२४ मध्ये धोक्यातल्या प्राण्यापक्ष्यांची जागतिक लाल यादी नव्याने आली त्यात हा कर्ल्यू सँडपायपर, ब्रॉड-बिल्ड सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर हे तिघंही संकटग्रस्ततेच्या वरच्या पायरीवर गेले, असुरक्षित म्हणून. छोटा रोहित त्याच्या खालच्या पायरीवर आहे, आणि मोठा रोहित तर अजून सुरक्षितच धरला जातो. म्हणजे ज्याच्यासाठी आपण तिकीट काढतो त्याच्यापेक्षा जास्त धोक्यात असलेला पक्षी त्याच्याच पायाशी असतो, आणि आपण कॅमेरा त्याच्या डोक्यावरून नेतो.

ही तक्रार केंद्रावर नाही, आपल्यावर आहे, म्हणजे बोटीत बसणाऱ्यांवर. गाईडला कोणी विचारलं की तो सांगतो, भरभरून सांगतो. मी फक्त "ते छोटे कोणते" विचारलं तर दादांनी दुर्बीण हातात दिली आणि चोचींचे प्रकार दाखवायला लागले, कोणाची वाकडी, कोणाची सरळ लांब, कोणाची आखूड, प्रत्येकजण चिखलात वेगळ्या खोलीवरचं खाणं काढतो त्यामुळे एकाच पट्ट्यात एवढे सगळे मावतात. कोणाच्या पायात कडं असतं तेही त्यांनी सांगितलं. बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीवाले वर्षानुवर्षं पक्षी पकडून नंबर असलेली कडी घालतात आणि सोडून देतात, मग तो पक्षी कुठे दुसरीकडे सापडला तर कळतं कुठून कुठे गेला. २०२२ मध्ये तर त्यांनी काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, त्यातून स्पष्ट दिसलं की हे पक्षी खाडी आणि नवी मुंबईच्या पाणथळ जागा या दोन्हींमध्ये ये-जा करतात आणि पुढे गुजरातपर्यंत जातात.

ही ये-जा समजून घेणं फार गरजेचं आहे. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात जेवतात, पण भरती आल्यावर तो चिखल बुडतो, मग त्यांना जवळच उथळ पाण्याची, निवांत उभं राहायला जागा लागते. मिठागरं, भांडुपचं पाणथळ, उरणचं पाणजे, नेरूळचा डीपीएस शाळेजवळचा डीपीएस तलाव, एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ. खाडीचा १६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, सगळं खरं आणि त्यासाठी झगडलेल्या लोकांना सलाम. पण भरतीच्या वेळच्या या जागा अभयारण्याच्या रेषेच्या बाहेर आहेत. जेवणघर राखलं आणि झोपायची खोली बिल्डरला दिली तर पाहुणा राहणार कसा? २०२४ मध्ये डीपीएस तलावात भरतीचं पाणी यायची वाट अडली, पाणी आटलं, फ्लेमिंगो भरकटले, काही मेले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरवर थवा धडकला आणि ४०च्या आसपास पक्षी गेले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आलेले ते फोटो अजून डोळ्यासमोरून जात नाहीत.

डीपीएस तलावासाठी नवी मुंबईतली साधी माणसं उभी राहिली, पत्रं लिहिली, मानवी साखळ्या केल्या, पाण्याच्या वाटा उघडा म्हणून मागे लागली आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. मॉर्निंग वॉकला जाणाऱ्या लोकांनी हे करून दाखवलंय, म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटतं. कांदळवनाचं पण तसंच, २००५ मध्ये एका पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर हायकोर्टाने तोडीला बंदी घातली, २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ही बोट ज्या हिरव्या भिंतींमधून जाते त्या भिंती आपोआप उरलेल्या नाहीत.

तर सफारीला जाताना काय करा. बोटीत चढल्या चढल्या गाईडला सांगा की फ्लेमिंगो झाले की थोडा वेळ छोट्या पक्ष्यांसाठी द्या, आणि बाकीच्यांनाही तयार करा, दोन कुटुंबं जरी म्हणाली तरी वातावरण बदलतं. दुर्बीण न्याच, साधी ८ बाय ४२ ची पुरते, मोबाईलच्या झूमवर हे पक्षी नुसते ठिपके दिसतात. भडक कपडे नकोत, गाणी तर अजिबात नकोत. टोपी, पाणी घ्या, ऊन डोक्यावर असतं आणि पाण्यावरून परत येतं. बोटीवर टॉयलेट नाही हे म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना आधीच सांगून ठेवा.

महिना कोणता निवडायचा तर फ्लेमिंगोंची गर्दी साधारण जानेवारीनंतर वाढते आणि मेपर्यंत राहते, थंडीत गेलात तर उकाड्याचा त्रास नाही. पण त्या छोट्या चिखलातल्या पक्ष्यांसाठी मी एप्रिल सुचवेन, उन्हाची तयारी ठेवून. परत उत्तरेला निघायच्या आधी कर्ल्यू सँडपायपरच्या पोटाला विटकरी रंग चढायला लागतो, मग नवख्या माणसालाही तो गर्दीत ओळखता येतो.