बडोद्यात मिळणारं मॉलिक्युलर मॉडेल किट: कॅप्रोलॅक्टमला पास, ओझोनला नापास

रंगीत गोळ्यांच्या भोकांत काड्या खोचून रेणूंच्या प्रतिकृती करायचं हे किट रावपुऱ्याकडच्या शालेय सामानाच्या दुकानांत साधारण साडेतीनशे रुपयांना मिळतं. डब्यावर कंपनीचं नाव नाही, आत माहितीचा कागदही नाही. काळे कार्बन 12, पांढरे हायड्रोजन 20, लाल ऑक्सिजन 6, निळे नायट्रोजन 4, हिरवे क्लोरीन 4, पिवळे सल्फर 2, आखूड काड्या 26, लांब वाकणाऱ्या काड्या 12. घेताना डबा दुकानातच उघडून पांढरे मोजा. कमी निघतात ते हमखास तेच.

एकेरी बंधांत किट चोख आहे. कार्बनच्या चार भोकांमधला कोन 109.5 अंशांचा, त्यामुळे मिथेनचा रेणू हातात घेतला की तो सपाट अधिक-चिन्हासारखा नसतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. ग्लुकोजच्या रिंगला 24 गोळे आणि 24 काड्या लागतात. लाल सगळे संपतात, पण होतं. कार्बन डायऑक्साइडला दोन्ही बाजूंना दोन-दोन लांब काड्या लावल्या की रेणू आपोआप सरळ रेषेत येतो.

बडोद्याच्या मुलाला मात्र कॅप्रोलॅक्टम करायला लावा. फर्टिलायझरनगरात जीएसएफसी (गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स) ही कंपनी ते बनवते आणि त्यातूनच नायलॉन-6 तयार होतं. सहा काळे आणि एक निळा यांची सात जणांची रिंग करा. निळ्याच्या शेजारच्या एका काळ्याला दोन लांब काड्यांनी लाल जोडा. निळ्यावर एक पांढरा, उरलेल्या पाच काळ्यांवर दोन-दोन. एकूण 19 गोळे, 18 आखूड आणि 2 लांब काड्या. आता निळा आणि लालवाला काळा यांच्यामधली काडी उपसा. रिंग उघडते, दोन्ही टोकांना एकेक भोक मोकळं राहतं. नायलॉनची साखळी इथूनच वाढते. अशा दोन उघडलेल्या रिंगा जोडायला गेलात की काळे पुरतात, पण पांढरे दोन आणि आखूड काड्या नऊ कमी पडतात. वर्गासाठी घ्यायचं तर दोन डबे घ्या.

पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे बादलीच्या प्लास्टिकचा, हिशेब उलट जमतो. तीन प्रॉपिलीन एकापुढे एक जोडले तर बरोबर 26 आखूड काड्या लागतात, एकही उरत नाही. तिन्ही मिथाइल गट (एक काळा, त्यावर तीन पांढरे) एकाच बाजूला ठेवून पाहा, मग एक फिरवून पलीकडे लावा. पहिल्या मांडणीतल्या साखळ्या एकमेकींना नीट चिकटून बसतात, म्हणून प्लास्टिक कडक होतं; वेडीवाकडी मांडणी झाली की माल मऊ, चिकट. बादली आणि चिकट गोळा यांत फरक एवढाच, हे फळ्यावरच्या आकृतीतून कधीच इतकं पटत नाही.

पर्यावरणाच्या धड्याला मात्र किट अडखळतं. लाल गोळ्याला भोकं दोनच. ओझोन करायला गेलं की बंद त्रिकोण होतो. खरा ओझोन उघडा आणि वाकलेला असतो, कोन सुमारे 117 अंश, दोन्ही बंध सारखे. कार्बन मोनॉक्साइडमध्ये काळ्याची दोन भोकं रिकामी राहतात, तिहेरी बंध दाखवायची सोयच नाही. सल्फरच्या सहा भोकांमधले कोन 90 अंशांचे, त्यामुळे सल्फर डायऑक्साइडचा 119 अंशांचा कोन कुठूनच येत नाही. गंमत म्हणजे नायट्रिक ऑक्साइडला निळ्याचं एक भोक मोकळं राहतं, आणि तिथे ते बरोबर आहे: तोच तो जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन. बेन्झीनमध्ये लांब आणि आखूड काड्या आळीपाळीने दिसतात. प्रत्यक्षात सहाही बंध सारख्याच लांबीचे, 139 पिकोमीटरचे, हे तोंडी सांगावंच लागेल. पाण्याचा कोनही 104.5 च्या जागी 109.5 येतो, पण तेवढं चालवून घ्यावं.

गोळ्यांचं प्लास्टिक ठिसूळ आहे. काडी तिरकी ओढली की भोकाच्या कडेला तडा जातो, म्हणून सरळ रेषेत, किंचित पिळत उपसायची. भोक घट्ट असेल तर काडीचं टोक मिनिटभर कोमट पाण्यात धरा. लांब काडी वाकवल्यावर मध्ये पांढरी रेघ उठते. तिथून ती लवकर तुटत नाही, पण पुन्हा सरळही होत नाही. रंगाचे डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, ॲसिटोनने गोळा विरघळतो.

कशाचं प्लास्टिक आहे ते पाहायचं असेल तर फुटलेल्या गोळ्याचा तुकडा घ्या. अख्खा नको, आत हवा असते. साध्या पाण्यात तुकडा बुडाला आणि 100 मिली पाण्यात 36 ग्रॅम मीठ विरघळवल्यावर तरंगला, तर बहुधा पॉलिस्टायरीन. काडी साध्या पाण्यावरच तरंगते, म्हणजे ती पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची.

सेंद्रिय रसायनासाठी किंमत वसूल आहे. फक्त ओझोन-प्रदूषणाच्या प्रकल्पासाठी घेणार असाल तर थर्माकोलचे गोळे आणि टूथपिक आणा, कोन आपल्याला हवा तसा ठेवता येतो.