फुकट, विकत की लाइव्ह? फोटोग्राफीचा ऑनलाइन कोर्स निवडताना

भाचीची बारावी संपली. नागपूरच्या नंदनवन भागात राहते, हाती वडिलांचा जुना डीएसएलआर कॅमेरा आलाय आणि मोबाइलवर रोज तीन-चार कोर्सच्या जाहिराती येतात. परवा फोन केला, "मामा, तू तर सगळे कोर्स करून बसला, मी कोणता घेऊ सांग ना."

सगळे नाही, चार केले. यूट्यूबवर फुकट शिकलो, यूडेमी या कोर्सच्या साइटवर रेकॉर्ड केलेला एक विकत घेतला, कोर्सेरा या दुसऱ्या साइटवरचा एक अर्ध्यात सोडला आणि एक लाइव्ह बॅच, म्हणजे ठरल्या वेळी सर ऑनलाइन समोर असतात ती, पूर्ण केली. तिला फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

पैशाचं आधी, कारण ते लवकर आटोपतं. यूट्यूबला फक्त डेटा लागतो. यूडेमीवरच्या कोर्सची छापील किंमत दोन-तीन हजार दिसली तरी थांबा. तिथे सेल सारखे येतात आणि तोच कोर्स पाचशेच्या आसपास मिळतो. एकदा घेतला की तो तुमच्या खात्यात राहतो, आणि बहुतेक कोर्सना तीस दिवसांत पैसे परत मागता येतात. कोर्सेरावर बहुतेक ठिकाणी महिन्याचं भाडं असतं, म्हणजे जितके रेंगाळाल तितकं बिल. मी रेंगाळलो. लाइव्ह बॅच सगळ्यांत महाग. सहा आठवड्यांचे मी साडेचार हजार मोजले.

शिकवलं काय जातं, यात फरक जवळपास नाही. ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा) हे त्रिकूट चारही ठिकाणी तेच, आणि समजावण्याची पद्धतही तीच. यूट्यूबवरच्या चांगल्या हिंदी व्हिडिओत ते वीस मिनिटांत कळतं. त्यासाठी पाचशे रुपयेही घालवू नका. विकतच्या कोर्सचा खरा फायदा म्हणजे क्रम. यूट्यूबवर पहिल्या दिवशी शटर स्पीड बघता, दुसऱ्या दिवशी तोच यूट्यूब तुम्हाला 'कोणता कॅमेरा घ्यावा' दाखवतो, तिसऱ्या दिवशी लाखाच्या लेन्सची पेटी उघडताना दाखवतो. आठवडाभरानं शिकणं राहतं बाजूला आणि आपण किमती बघत बसतो. माझे असे दोन महिने गेले.

भाषेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. कोर्सेरावर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची फोटोग्राफीची पूर्ण मालिका आहे, मोबाइलपासून डीएसएलआरपर्यंत नेणारी. इंग्रजी संथ आणि स्वच्छ, खाली सबटायटल. बारावीच्या पोराला झेपेल. तिथंच न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाचा एक कोर्स आहे. त्यात कॅमेऱ्याचं बटण कुणी शिकवत नाही, फोटोकडे बघायचं कसं ते शिकवतात. तो सगळ्यांत शेवटी करा. सुरुवातीला कंटाळा येईल.

भाषेपेक्षा मला उजेडानं जास्त फसवलं. हे बहुतेक कोर्स इंग्लंड-अमेरिकेत बसून केलेले. त्यात शिक्षक सांगतो, सूर्यास्ताआधीचा सोनेरी प्रकाश गाठा, निवांत ट्रायपॉड लावा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे सूर्य तिरपा रेंगाळत नाही, बराचसा सरळ खाली उतरतो. मार्चमध्ये लंडनला क्षितिजावरचे शेवटचे सहा अंश उतरायला त्याला चाळीसएक मिनिटं लागतात, इथे पंचवीस-सव्वीस. फुटाळा तलावावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी लावून, काठावरच्या गर्दीत जागा शोधून, ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत पाण्यावरचा सोनेरी पट्टा गेलेला होता. शेजारचा भुट्टेवाला म्हणाला, "भाऊ, उद्या या."

आणि दुपार? २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर असतो, उभ्या माणसाची सावली पायातच गोळा होते. जुलैत पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. अशा उन्हात माणसाचा फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. परदेशी कोर्स यावर म्हणतो, दुपार टाळा. एप्रिल-मेत नागपूरची दुपार टाळायची म्हणजे सकाळी नऊपासूनच घरात बसावं लागेल. यावरचा तोडगा मला लाइव्ह बॅचमध्ये कळला, कारण शिकवणारे सर विदर्भातलेच. ते म्हणाले, ऊन टाळू नका, उन्हाच्या कडेला उभे राहा. महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या ओसरीत माणूस बसवा, अंगणातल्या फरशीवर पडलेलं ऊन खालून चेहऱ्यावर येतं आणि खड्डे भरून निघतात. रेकॉर्ड केलेल्या कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं?

आता मुद्द्याचं. तुमचा फोटो कोण बघतो?

यूट्यूबवर कुणीच नाही. यूडेमीवर प्रश्न विचारायची जागा असते. मी दोनदा विचारलं. एकदा उत्तर आलं, एकदा नाही. कोर्सेरावर गृहपाठ तपासतात ते तुमच्यासारखेच शिकणारे, तुम्हीही त्यांचा तपासायचा. मला बहुतेक वेळा 'छान रंग' एवढंच मिळालं. मीही इतरांना तेच लिहिलं, खोटं कशाला बोलू.

लाइव्ह बॅचचा पहिला गृहपाठ होता पांढरी वस्तू. मी दीक्षाभूमीला गेलो आणि बाहेरच्या रस्त्यावरून स्तूपाचा घुमट काढला. पांढराशुभ्र घुमट, निळं आकाश. मला फोटो झकास वाटला होता. सरांनी स्क्रीनवर मोठा केला आणि विचारलं, "घुमट राखाडी कसा झाला?" खरंच राखाडी होता, धुळीनं माखल्यासारखा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी राखाडी धरतो. चौकटभर पांढरं दिसलं की त्याला उजेड जास्त झालासा वाटतो आणि तो फोटो अंधारतो. उपाय एका बटणाचा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) प्लस एकवर. हीच गोष्ट यूडेमीच्या कोर्समध्ये मी तीन महिन्यांपूर्वी ऐकली होती आणि वहीत लिहूनही ठेवली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला भला मोठा काळा पुतळा, निघाली तेव्हा उलटा खेळ झाला. 'घेऊन जा गे मारबत'चा गजर, अंगाला अंग घासणारी गर्दी आणि चौकटभर काळा रंग. मीटरनं तिला उजळून करडी करून टाकली असती. या वेळी बोट आपणहून मायनस एकवर गेलं. कोर्सचे पैसे तिथे फिटले.

लाइव्हची खोटही ऐका. बॅचमध्ये चाळीस जण होते, तासात जेमतेम दहांचे फोटो बघून व्हायचे. ज्या आठवड्यात माझा नंबर लागला नाही तो वाया गेल्यासारखा वाटला. शिवाय मे महिना. कूलर चालू ठेवला तर सर ऐकू येत नाहीत, बंद केला तर मीच शिल्लक राहत नाही. शेवटी हेडफोन घेतला. एक तास चुकला तर रेकॉर्डिंग मिळेल असं सांगितलं होतं, ते कधीच आलं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: बॅचमध्ये किती जण आणि दर आठवड्याला माझा फोटो बघणार का. उत्तर गोल गोल आलं तर समजून जा.

मग कुणी काय घ्यावं? कॅमेरा नाही, नुसती हौस आहे, त्यांनी मोबाइल आणि यूट्यूब घेऊन तीन महिने काढावेत. मोबाइलमध्ये ॲपर्चर बहुधा बदलता येत नाही, पण चौकट, उजेड आणि वेळ शिकायला त्याची गरजही नाही. ज्यांची नोकरी शिफ्टची आहे, त्यांना लाइव्ह जमणार नाही. त्यांनी सेलमध्ये रेकॉर्डेड घ्यावा आणि फोटो दाखवायला एखादा जाणता माणूस गावातच गाठावा. लग्नाचं काम करणाऱ्यांकडे दोन सीझन बॅग उचलायला जाणं हाही एक कोर्सच आहे, फक्त तिथे कुणी समजावत नाही, ओरडतात. लग्नाच्या कामातच उतरायचं असेल तर मी तोच रस्ता धरीन, ऑनलाइन नाही.

भाचीकडे कॅमेरा आहे आणि रिकामे दोन महिने आहेत. तिला मी सांगितलं, पहिले पंधरा दिवस यूट्यूबवर एकच चॅनल धर, दुसरा उघडू नको. मग लाइव्ह बॅच, पण वीसच्या आतली. फीचे अर्धे मी देतो. यूडेमी तुला नको, तू पहिले तीन व्हिडिओ बघून सोडशील. रागावली, पण नाही म्हणाली नाही.

पंधरा दिवस कशाला थांबायचं म्हणून रविवारी सकाळी साडेपाचला अंबाझरी तलावावर ये म्हटलं, उजेड बघायला.

"मामा, आठला चालेल का?"