टॅबलेटवरच्या फाइली आतच ठेवाव्यात की क्लाउडवर? वर्षभराच्या वापरानंतर

माझे काम मुद्रितशोधनाचे आणि संपादनाचे आहे. त्यामुळे टॅबलेटवर सिनेमे किंवा खेळ जवळपास नसतात. असतात ते स्कॅन केलेले जुने ग्रंथ, खुणा करायला आलेली पीडीएफ मुद्रिते, स्टायलसने लिहिलेली टिपणे आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणे. वर्षभर दोन टॅबलेट आलटूनपालटून वापरले. एक ६४ जीबीचा आयपॅड, ज्यात मेमरी कार्ड घालण्याची सोयच नसते, आणि दुसरा मायक्रोएसडी कार्डाची खाच असलेला अँड्रॉइड टॅबलेट. फाइली टॅबलेटच्या आतल्या साठवणीत ठेवायच्या की क्लाउडवर, हा प्रश्न मी सुरुवातीला संपूर्ण यंत्रासाठी एकदाच सोडवू पाहत होते. आता तो प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी वेगळा विचारते आणि त्याचे रूपही बदलले आहे: या फाइलची मूळ प्रत कुठे राहणार? ते ठरले की बाकीच्या जागी असते ती केवळ सोयीची नक्कल, आणि सोयीची नक्कल हरवली तरी झोप उडत नाही.

जागेचा हिशेब थोडक्यात सांगते, कारण तो सर्वांनाच लवकर कळतो. ६४ जीबीतला चांगला मोठा भाग प्रणाली आणि अ‍ॅप खाऊन टाकतात, आणि प्रणालीचे मोठे अपडेट यायचे झाले की आणखी काही जीबी मोकळे ठेवावे लागतात. क्लाउडची फुकट मिळणारी जागाही ऐसपैस नाही. गूगल १५ जीबी देते, पण ते ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असतात. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह प्रत्येकी ५ जीबी, तर ड्रॉपबॉक्स २ जीबी. गूगलची जागा भरली तर नव्या फाइली चढत नाहीतच, शिवाय ईमेल येणे-जाणेही थांबते. स्कॅन केलेल्या ग्रंथांनी टपालपेटी बंद पाडावी, हे मला पटण्याजोगे वाटत नाही. म्हणून कामाच्या फाइलींचे खाते मी ईमेलच्या खात्यापासून वेगळेच केले. आयक्लाउडच्या ५ जीबीत तर यंत्राचा बॅकअपही बसवायचा असतो, त्यामुळे पैसे न भरता त्याच्यावर फार काळ विसंबता येत नाही.

खरा फरक जाणवतो तो फाइल उघडताना. क्लाउडच्या फोल्डरात फाइलचे नाव दिसते, लहानसे चित्रही दिसते, पण शेजारी ढग आणि खाली येणारा बाण असे चिन्ह असेल तर ती फाइल प्रत्यक्षात टॅबलेटवर नसते. नोंदींचे चिटोरे असेल तर कळतही नाही, इतक्या झटकन ते उतरते. परंतु तीनशे डीपीआयवर (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके इतक्या बारकाईने) रंगीत स्कॅन केलेला, काहीशे पानांचा ग्रंथ असेल तर सहसा संपूर्ण फाइल उतरल्याशिवाय दोनशे सतरावे पान उघडत नाही, मग तुम्हाला त्यातली एकच तळटीप पाहायची असली तरीही. इंटरनेट चांगले असताना ही प्रतीक्षा अर्ध्या मिनिटाची असते. प्रवासात किंवा जाड भिंतींच्या ग्रंथालयात ती कामच थांबवते. एक तळटीप दुसऱ्या ग्रंथाकडे आणि तिथली टीप तिसऱ्याकडे नेते, अशा प्रकारच्या वाचनात हे थांबणे पुन्हा पुन्हा येते आणि त्याचा कंटाळा साचत जातो.

यावरचा उपाय म्हणजे फाइल आधीच ऑफलाइन उपलब्ध करून ठेवणे. सोय सर्वत्र आहे, पण सारखी नाही. गूगल ड्राइव्हच्या टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये फाइली निवडून त्या ऑफलाइन कराव्या लागतात. काही सेवांमध्ये संपूर्ण फोल्डर ऑफलाइन ठेवण्याची मुभा फक्त पैसे भरणाऱ्यांना असते. आयपॅडच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये आयक्लाउडवरची फाइल कायम उतरवलेली ठेवण्याचा पर्याय २०२४च्या आयपॅडओएस १८मध्ये आला. त्याआधी एकदा उतरवलेली फाइल जागा कमी पडताच प्रणाली स्वतःच्या अखत्यारीत काढून टाकू शकत असे. मूळ प्रत क्लाउडवर शाबूत असे, पण ऐन वेळी हाताशी असलेली फाइल पुन्हा ढगाच्या चिन्हासह दिसे. हा पर्याय आल्यानंतर आयक्लाउडविषयीचे माझे मत बरेच निवळले. तरीही बाहेर पडण्यापूर्वी विमान मोड सुरू करून त्या दिवशी लागणाऱ्या फाइली उघडून पाहण्याची सवय मी सोडलेली नाही. चिन्हांवर विसंबण्यापेक्षा ही तपासणी अधिक खात्रीची आहे.

उलट दिशेने, म्हणजे टॅबलेटवरून क्लाउडकडे, जाणारी वाट आणखी अरुंद असते. जोडणीचा वर चढवण्याचा वेग अनेकदा उतरवण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. १० एमबीपीएस हा वेग ऐकायला बरा वाटतो, पण ते मेगाबिट आहेत. मेगाबाइटमध्ये तो सेकंदाला सव्वाच भरतो. तीनशे मेगाबाइटचे मुद्रित चढायला त्या हिशेबाने चार मिनिटे लागतात. पीडीएफवर एक स्वल्पविराम सुधारला तरी टॅबलेटवरच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती पूर्ण फाइल नव्याने चढते. त्यात टॅबलेटची प्रणाली, बॅटरी वाचावी म्हणून, पार्श्वभूमीत गेलेल्या अ‍ॅपचे काम थांबवते किंवा रेंगाळवते. आयक्लाउड हा प्रणालीचाच भाग असल्याने त्याला आयपॅडवर ही अडचण कमी येते; इतर सेवांच्या अ‍ॅपमधून मोठी फाइल चढवताना मात्र पडदा चालू ठेवून ते अ‍ॅप समोर राहू द्यावे, असा माझा अनुभव आहे. खुणा करून आवरण मिटले आणि निघाले, की संगणकावर जुनीच प्रत समोर येते. मग त्या जुन्या प्रतीवर कोणी काम सुरू केले तर दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात, आणि बहुतेक सेवा त्या एकत्र न करता नावाला शेपूट जोडून शेजारी ठेवून देतात. दोन्ही प्रती उघडून पानोपान ताडून पाहणे हे मुद्रितशोधनातले सर्वांत रूक्ष काम आहे आणि त्याचे वेगळे मानधन मिळत नाही.

सिंक आणि बॅकअप यांच्यातला घोळ इतका सार्वत्रिक आहे, की त्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. सिंक करणारी सेवा जे झाले ते सगळीकडे पोहोचवते. त्यात पुसणेही आले. टॅबलेटवर जागा करण्यासाठी क्लाउडच्या फोल्डरातली फाइल पुसली, तर ती संगणकावरूनही जाते. जागा मोकळी करायची असेल तेव्हा फक्त उतरवलेली प्रत काढण्याचा वेगळा पर्याय निवडावा लागतो, आणि तो पुसण्याच्या पर्यायापासून फार लांब नसतो. पुसलेली फाइल गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते आणि आयक्लाउडच्या नुकत्याच पुसलेल्या फाइलींतही साधारण तितकेच दिवस. गूगल ड्राइव्ह पीडीएफसारख्या फाइलींच्या आधीच्या आवृत्त्याही ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत सांभाळते. चुकून गेलेल्या खुणा परत मिळवायला ही आवृत्त्यांची सोय अतिशय उपयोगी आहे, आणि निव्वळ आतल्या साठवणीत असे काही आपोआप मिळत नाही. क्लाउडच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटलेला मुद्दा हाच. पण तीन महिन्यांनी लक्षात आलेल्या नुकसानीला तिचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

आता आतल्या साठवणीकडे वळते. तिचा वेग निर्विवाद आहे. मोठा ग्रंथ पापणी लवते न लवते तोच उघडतो, पाने अडखळत नाहीत, बॅटरीही कमी जाते. मात्र टॅबलेटची आतली साठवण संगणकाच्या डिस्कसारखी एकसंध नसते. आयपॅडवर ऑन माय आयपॅड या ठिकाणी अनेक अ‍ॅपचे आपापले फोल्डर असतात, आणि अ‍ॅप काढून टाकले की त्याचा फोल्डर आतल्या फाइलींसह जातो. अ‍ॅप ऑफलोड केले, म्हणजे जागेसाठी फक्त अ‍ॅपच हटवले, तर दस्तऐवज राहतात, काढून टाकले तर राहत नाहीत; हे दोन पर्याय शेजारी-शेजारी असतात. अँड्रॉइडवरही अ‍ॅपच्या खासगी फोल्डरातल्या फाइली अ‍ॅपबरोबर जातात, आणि अँड्रॉइड ११पासून दुसऱ्या अ‍ॅपना त्या फोल्डरात सहज डोकावताही येत नाही. त्यामुळे फाइल टॅबलेटवर आहे, एवढे कळून भागत नाही. ती कोणत्या अ‍ॅपच्या ताब्यात आहे हेही ठाऊक असावे लागते. हस्तलिखित टिपणांच्या एका अ‍ॅपने अपडेटनंतर माझ्या काही वह्या उघडायचेच नाकारले. त्या फाइली त्याच्याच खास स्वरूपात असल्याने दुसऱ्या कशात उघडेनात. पुढच्या अपडेटने त्या उघडल्या, पण तोपर्यंतचा आठवडा बरा गेला नाही. तेव्हापासून प्रत्येक पुरी झालेली वही पीडीएफ करून त्या अ‍ॅपच्या बाहेर ठेवते.

आयपॅडच्या आतल्या फाइलींना यंत्राच्या बॅकअपचे संरक्षण असते, आयक्लाउडवर घ्या किंवा संगणकावर. आयक्लाउड ड्राइव्हमधल्या फाइली मात्र त्या बॅकअपमध्ये धरल्या जात नाहीत, कारण त्या आधीच क्लाउडवर आहेत असे गृहीत असते. शिवाय या बॅकअपमधून एखादीच फाइल काढून घेण्याची सरळ वाट नाही. संपूर्ण यंत्रच त्या अवस्थेला परत न्यावे लागते. यंत्र हरवले वा फुटले तर हा बॅकअप मोलाचा आहे, एका प्रकरणासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

मेमरी कार्डाने अँड्रॉइड टॅबलेटवर मला मोठा दिलासा दिला, पण तो वाचनापुरता. ग्रंथसंग्रह कार्डावर ठेवला तर आतली जागा मोकळी राहते आणि टॅबलेट बदलला तरी कार्ड काढून दुसऱ्यात घालता येते. हीच गोष्ट काळजीचीही आहे. टॅबलेटची आतली साठवण हल्ली कूटबद्ध असते आणि पासकोडशिवाय वाचता येत नाही, उलट साधे कार्ड कोणीही काढून कुठेही वाचू शकतो. म्हणून लेखकांची अप्रकाशित हस्तलिखिते मी कार्डावर ठेवत नाही. जुने कार्ड एफएटी३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीचे असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. एक्सएफएटी या नंतरच्या पद्धतीमध्ये ही मर्यादा अडचणीची नाही, पण लिहिणे चालू असताना कार्ड ओढून काढले तर फाइली बिघडण्याचा धोका तिथेही आहे. आयपॅडला २०१९च्या आयपॅडओएस १३पासून पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची एसएसडी जोडता येते. तिथे संगणकासारखे सुरक्षितपणे बाहेर काढण्याचे बटण नाही. नक्कल पूर्ण झाल्याची खूण दिसल्यावर थोडे थांबून मगच तार काढणे, एवढेच आपल्या हाती असते.

गोपनीयतेबद्दल लोक फार चटकन बोलतात, म्हणून मी बेताने बोलते. क्लाउडवरच्या बहुतेक फाइली कूटबद्ध असतात, पण किल्ली सहसा कंपनीकडेही असते. अ‍ॅपलने २०२२च्या अखेरीस आणलेले अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन सुरू केले तर आयक्लाउड ड्राइव्हची किल्ली फक्त आपल्या यंत्रांवर राहते. पण ब्रिटनमध्ये सरकारी मागणीनंतर फेब्रुवारी २०२५मध्ये नव्या वापरकर्त्यांसाठी ते बंद करण्यात आले, यावरून अशी सोय किती काळ टिकेल हे आपल्या हाती नसते, एवढे दिसते. शिवाय ती सुरू असताना पासवर्ड आणि पुनःप्राप्तीची साधने दोन्ही हरवली, तर कंपनीही फाइली परत देऊ शकत नाही. मला व्यक्तिशः कंपनीने फाइल वाचण्यापेक्षा खात्यात शिरताच न येण्याची भीती अधिक वाटते. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसले जाऊ शकते. केवळ साठवणीसाठी उघडून विसरलेल्या खात्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे.

सध्याची माझी घडी अशी आहे. चालू मुद्रिते आणि टिपणे क्लाउडवर, कारण ती रोज बदलतात आणि संगणकावरही लागतात. त्यांची मूळ प्रत क्लाउडवरची, आणि त्या आठवड्याच्या फाइली टॅबलेटवर कायम उतरवलेल्या. संदर्भग्रंथ बदलत नाहीत, म्हणून त्यांची मूळ प्रत घरच्या डिस्कवर, आणि नक्कल एका टॅबलेटच्या कार्डावर व दुसऱ्याच्या आतल्या साठवणीत; त्यांच्यासाठी क्लाउडची जागा मी विकत घेत नाही. ध्वनिमुद्रणे प्रथम आतच होतात. सीडीच्या दर्जाचे असंकुचित स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला सहाशे एमबीच्या वर जाते, ते थेट क्लाउडवर चढवत बसण्यात अर्थ नसतो. घरी आल्यावर तारेने डिस्कवर उतरते आणि ऐकण्यापुरती संकुचित प्रत क्लाउडवर जाते. काम छपाईला गेले की क्लाउडवरचा संपूर्ण फोल्डर डिस्कवर घेऊन तिथून हलवते, त्यामुळे पैसे भरून घेतलेली जागा सर्वांत लहान टप्प्याचीच पुरते.

नवा टॅबलेट घेणाऱ्याने माझ्यासारखे काम असेल तर ६४ जीबीच्या वाटेला जाऊ नये. १२८ जीबीत हे सगळे बसते, आणि कार्डाची खाच नसेल तर २५६चा विचार करावा. तारेने फाइली हलवणार असाल तर खाचेच्या आकारावर जाऊ नका. यूएसबी-सी दिसली म्हणजे वेग मिळतोच असे नाही: दहाव्या पिढीच्या आयपॅडला यूएसबी-सी आहे, पण तिचा वेग यूएसबी २चा, म्हणजे ४८० एमबीपीएस इतकाच आहे, तर त्याच आकाराच्या खाचेतून आयपॅड प्रोची थंडरबोल्ट जोडणी ४० जीबीपीएसपर्यंत जाते. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात ही ओळ बरीच खाली असते. तिथवर जाऊन ती वाचावी.